चौथा डाऊन: पंट मारावा की पुढे खेळावे?

अमेरिकन फुटबॉलविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच प्रसंगाकडे आहे. चौथ्या डाऊनला चेंडू लाथेने दूर धाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करावा, की उरलेले अंतर कापण्याचा प्रयत्न करावा, हा तो प्रसंग. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (पुणे): दर वर्षी फेब्रुवारीत सोमवारी पहाटे पाचला उठून मी सुपर बोल पाहतो. खेळ बराचसा समजू लागला आहे, परंतु एक गोष्ट अजून पटत नाही. चार संधी हातात असताना संघ तीनच वापरतो आणि चौथ्या वेळी चेंडू आपण होऊन सोडून देतो, असे का? प्रशिक्षक हा निर्णय कशाच्या आधारे घेतात?

उत्तर: नियमापासून सुरुवात करू. दोन गोलरेषांमध्ये १०० यार्डांचे मैदान असते. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार चालींत, म्हणजेच चार डाऊनमध्ये, किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले की पुन्हा नव्याने चार डाऊन मिळतात, आणि न साधल्यास चौथी चाल जिथे थांबली तिथूनच चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो. हा चौथा डाऊन नियमांत १९१२ साली आला. त्याआधी १९०६ पासून १० यार्डांसाठी तीनच डाऊन मिळत असत. कबड्डीत सलग दोन चढाया गुणाविना गेल्या की तिसरी चढाई ‘करो या मरो’ची होते आणि चढाईपटूपुढे दुसरा मार्गच उरत नाही. चौथ्या डाऊनला मात्र मार्ग उरतात, आणि प्रशिक्षकाची खरी परीक्षा तिथेच होते. गोलखांब आवाक्यात असतील तर फील्ड गोल मारून ३ गुण घेता येतात, पंट मारून प्रतिस्पर्ध्याला दूर ढकलता येते, किंवा उरलेले यार्ड मिळवण्यासाठी आणखी एक चाल खेळता येते.

पंट म्हणजे आपल्या फळीच्या सुमारे १५ यार्ड मागे उभ्या असलेल्या खेळाडूने हातातील चेंडू खाली सोडून लाथेने उंच व लांब धाडणे. प्रतिस्पर्ध्याने परत आणलेले अंतर वजा केल्यावर व्यावसायिक लीगमध्ये एका पंटची निव्वळ कमाई सरासरी ४० यार्डांच्या थोडी वर असते. पंटला पळपुटेपणा म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. चेंडू हवेत अधिक काळ टांगता ठेवणे आणि तो गोलरेषेच्या अलीकडे काही यार्डांवर थांबवणे ही मोठ्या कसबाची गोष्ट आहे. ओकलंड रेडर्सने १९७३ साली रे गाय या पंटरला पहिल्या फेरीत निवडले होते आणि २०१४ साली निव्वळ पंटर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये जाणारा तो पहिला खेळाडू ठरला. आपला प्रश्न पंट चांगला की वाईट असा नसून, विशिष्ट जागी आणि विशिष्ट अंतरावर पंटमुळे जे मिळते ते त्यासाठी सोडलेल्या संधीपेक्षा अधिक आहे काय, असा आहे.

तो सोडवण्याची किल्ली १९७१ साली सापडली. सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा आणि पास फेकणारा खेळाडू, व्हर्जिल कार्टर याने एका प्राध्यापकासोबत १९६९ च्या हंगामातील चालींचा अभ्यास करून मैदानावरील प्रत्येक जागेला गुणांत किंमत दिली. एखाद्या जागी पहिला डाऊन मिळालेला संघ पुढे सरासरीने किती गुणांनी वरचढ ठरतो, हे त्यांनी मोजले. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून ५ यार्डांवर ही किंमत सुमारे ६ गुण निघाली, तर स्वतःच्या गोलरेषेपासून ५ यार्डांवर ती उणे सव्वाच्या आसपास आली. उणे येण्याचा अर्थ असा की चेंडू आपल्या हातात असूनही पुढचे गुण प्रतिस्पर्धी मिळवण्याची शक्यता अधिक असते. या किमतींना अपेक्षित गुण म्हणतात. त्या हाती आल्या की चौथ्या डाऊनचे कोडे अंकगणितात उतरवता येते.

समजा चेंडू बरोबर मध्यरेषेवर आहे आणि २ यार्ड हवे आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेऊ. मध्यरेषेवरील पहिल्या डाऊनची किंमत २ गुण धरू. प्रयत्न यशस्वी झाला तर ते २ गुण आपले, फसला तर तेच २ प्रतिस्पर्ध्याचे. पंट मारला तर प्रतिस्पर्धी त्याच्या गोलरेषेपासून १२ ते १५ यार्डांच्या आसपास अडकतो आणि तिथली किंमत जवळजवळ शून्य असते. म्हणजे प्रयत्न निम्म्याहून अधिक वेळा यशस्वी होणार असेल तर तो पंटपेक्षा सरस आहे. २ यार्डांचे प्रयत्न सरासरीने निम्म्याहून थोडे अधिक वेळा यशस्वी होतात. म्हणून मध्यरेषेवर २ यार्ड उरले असताना, सामना सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर, मी चाल खेळण्याच्या बाजूने आहे.

आता चेंडू स्वतःच्या २० यार्डांवर न्या. इथे धोका मोठा दिसतो, कारण फसलो तर प्रतिस्पर्ध्याला गोलरेषा अवघ्या २० यार्डांवर मिळते आणि त्या जागेची किंमत ४ गुण धरावी लागते. यशस्वी झालो तर आपल्याला जेमतेम अर्धा गुण. एवढेच पाहून पंट मारणे उघड शहाणपणाचे वाटते, आणि बहुसंख्य प्रेक्षकांचा हिशेब इथेच थांबतो. परंतु पंटही फुकट पडत नाही. पंटनंतर प्रतिस्पर्धी त्याच्या ४० यार्डांवर सुरुवात करतो आणि ती जागा त्याला दीड गुणाची आहे. समीकरण मांडले तर प्रयत्न आणि पंट यांची बरोबरी होण्यासाठी यशाचे प्रमाण सुमारे ५६ टक्के लागते. मध्यरेषेवर ते ५० टक्के होते. फरक भीतीच्या मानाने फारच लहान आहे. एकच यार्ड हवा असेल तर हे ५६ टक्के सहसा गाठले जातात. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे: आपल्या मैदानात खोलवर असताना प्रयत्न फसण्याची किंमत वाढते हे सर्वांना दिसते, पण तिथून पंट मारण्याची किंमतही वाढते हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

प्रतिस्पर्ध्याच्या ३८ यार्डांच्या रेषेवर याच्या उलट स्थिती असते. तिथून मारलेला पंट गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, गेला तर नियमानुसार चेंडू २० यार्डांवर आणून ठेवतात, म्हणजे एवढ्या खटाटोपातून १८ यार्डच पदरी पडतात. फील्ड गोलसाठी हे अंतर ५५ यार्डांच्या घरात जाते. पंटला जागा अपुरी आणि फील्ड गोलला अंतर लांब, अशा या पट्ट्यात ५ किंवा ६ यार्ड हवे असले तरी चाल खेळणेच बहुधा श्रेयस्कर असते.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हे सर्व पद्धतशीरपणे मांडले. १९९८ ते २००० या हंगामांतील सामन्यांच्या पहिल्या क्वार्टरचा त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या हिशेबानुसार स्वतःच्या अर्ध्या मैदानात साधारण ४ यार्डांपेक्षा कमी अंतर असेल तर प्रयत्न करावा. प्रतिस्पर्ध्याच्या ३३ यार्डांवर ही मर्यादा ९.८ यार्डांपर्यंत जाते. आणि फील्ड गोल खात्रीचा होत जातो तशी ती पुन्हा झपाट्याने उतरते. ज्या १,०६८ प्रसंगी प्रयत्न करणे सरासरीने हिताचे होते, त्यांपैकी ९५९ प्रसंगी संघांनी पंट किंवा फील्ड गोल मारला होता. संघ इतका काळ आणि इतक्या सातत्याने एकाच दिशेला चुकत होते.

याचे कारण दोषाच्या वाटपात आहे. पंट मारून सामना हरला तर खापर बचावफळीवर फुटते, आणि प्रयत्न फसून हरला तर थेट प्रशिक्षकावर. १० डिसेंबर १९९५ रोजी फिलाडेल्फियात १७-१७ अशी बरोबरी असताना डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांनी स्वतःच्या २९ यार्डांवर, एका यार्डाहूनही कमी अंतर उरले असताना, चाल खेळायचे ठरवले. चेंडू घेऊन धावलेल्या एमिट स्मिथला रोखण्यात आले, परंतु दोन मिनिटे उरल्यावर खेळ थांबवणारी इशाऱ्याची शिट्टी आधीच झालेली असल्याने ती चाल रद्द ठरली. स्विट्झर यांनी पुन्हा तीच चाल खेळवली, ती पुन्हा फसली आणि यजमान फिलाडेल्फिया ईगल्सने फील्ड गोल मारून सामना २०-१७ असा जिंकला. त्यानंतर झालेली टीका अनेक वर्षे चालू राहिली. त्याच हंगामाअखेर काउबॉइजनी सुपर बोल जिंकला, पण ही चाल आठवणाऱ्यांना ते सहसा आठवत नाही. नोकरी टिकवायची असलेला माणूस अशा वातावरणात पंटकडे झुकला तर नवल नाही. म्हणून मी प्रशिक्षकांपेक्षा त्यांना नेमणाऱ्या संघमालकांना आणि तावातावाने लिहिणाऱ्या क्रीडा पत्रकारांना या चुकीचे अधिक भागीदार समजतो.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): जानेवारी २०२४ मध्ये आमच्या जवळच्याच सँटा क्लारा येथे डेट्रॉइट लायन्सचा संघ फॉर्टीनायनर्सविरुद्ध मध्यंतराला २४-७ असा पुढे होता. त्यांच्या प्रशिक्षकांनी नंतर दोनदा फील्ड गोल नाकारून चाल खेळवली, दोन्ही वेळा ती फसली आणि संघ ३४-३१ असा हरला. आमच्या घरी सगळे फॉर्टीनायनर्सचेच चाहते आहेत, त्यामुळे आनंद झाला. पण लायन्सचे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल चुकले की नाही यावर आमचे अजून एकमत नाही. आपले मत काय?

उत्तर: दोन्ही प्रसंग वेगवेगळे पाहिले पाहिजेत. पहिल्या वेळी, तिसऱ्या क्वार्टरमध्ये, लायन्स २४-१० असे पुढे होते, चेंडू फॉर्टीनायनर्सच्या २८ यार्डांवर होता आणि २ यार्ड हवे होते. फील्ड गोल सुमारे ४६ यार्डांचा झाला असता आणि व्यावसायिक लीगमध्ये अशा अंतरावरून चारपैकी साधारण तीन प्रयत्न यशस्वी होतात. तो साधला असता तर आघाडी १४ वरून १७ वर गेली असती, म्हणजे फॉर्टीनायनर्सना बरोबरीसाठी दोनऐवजी तीन वेळा गुण मिळवावे लागले असते. याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. दुसऱ्या बाजूला, २ यार्ड मिळाले असते तर टचडाऊनची, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन ६ गुण मिळवण्याची, वाट खुली झाली असती आणि घड्याळही पुढे सरकले असते. हे दोन्ही पर्याय एकमेकांच्या फार जवळचे होते आणि प्रशिक्षकांनी यांपैकी कोणताही निवडला असता तरी त्याला घोडचूक म्हणता आले नसते. प्रत्यक्षात क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने चेंडू नीट फेकला आणि जॉश रेनॉल्ड्सच्या हातांतून तो निसटला. पकडण्याजोगा चेंडू सुटणे हा निर्णयाचा दोष नव्हे.

दुसऱ्या वेळी, चौथ्या क्वार्टरमध्ये, लायन्स २७-२४ असे मागे होते, चेंडू ३० यार्डांवर होता आणि ३ यार्ड हवे होते. इथे ४८ यार्डांच्या आसपासच्या फील्ड गोलने बरोबरी झाली असती. सात मिनिटांहून अधिक वेळ शिल्लक होता आणि बरोबरीनंतर चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडे गेला असता. फॉर्टीनायनर्सचे आक्रमण तोवर लयीत आले होते, म्हणून नुसत्या बरोबरीने लायन्स सुरक्षित झाले नसते, हा कॅम्पबेल यांचा विचार समजण्यासारखा आहे. तरीही हा निर्णय मला पहिल्यापेक्षा अधिक वादग्रस्त वाटतो, कारण २ यार्डांवरून ३ यार्डांवर गेले की यशाचे प्रमाण उतरते आणि बरोबरीच्या ३ गुणांची किंमत सामना सरत आल्यावर वाढते. माझ्या मते पहिला निर्णय योग्य होता आणि दुसरा, फार तर, समसमान. लायन्सचा पराभव या दोन चालींनी झाला असे म्हणणे त्यामधल्या घटनांवर अन्याय करणारे आहे. पहिल्या अपयशानंतर फॉर्टीनायनर्सचा एक लांब पास बचावपटूच्या शिरस्त्राणावर आदळून उडाला आणि ब्रँडन आयुकने तो झेलला. लगोलग लायन्सच्या हातून चेंडू निसटला. या दोन्ही घटनांचे रूपांतर टचडाऊनमध्ये झाले.

निकालावरून निर्णय जोखण्याची सवय किती खोल आहे, हे पाहायचे असेल तर आणखी दोन सामने शेजारी ठेवावेत. १५ नोव्हेंबर २००९ रोजी न्यू इंग्लंड पॅट्रियट्स इंडियानापोलिस येथे कोल्ट्सविरुद्ध ३४-२८ असे पुढे होते. दोन मिनिटे आठ सेकंद उरली होती, चेंडू स्वतःच्या २८ यार्डांवर होता आणि २ यार्ड हवे होते. पॅट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी पंट मारला नाही. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा पास केविन फॉकने घेतला, पण तो आवश्यक रेषेच्या अलीकडेच थांबला असा पंचांनी निर्णय दिला. टाइमआउट संपलेले असल्याने त्याला आव्हानही देता आले नाही. पेटन मॅनिंगने उरलेले अंतर कापले आणि कोल्ट्स ३५-३४ असे जिंकले. त्या रात्री बेलिचिक यांना वेड्यात काढण्यात आले. प्रत्यक्षात त्यांचा हिशेब साधा होता. २ यार्ड मिळाले तर सामना जवळजवळ संपला. पंट मारला तर मॅनिंगसारख्या क्वार्टरबॅकला दोन मिनिटे आणि ७० यार्ड मिळतात, आणि तो ते पार करणारच नाही असे कोणी म्हणू शकत नव्हते.

४ फेब्रुवारी २०१८ रोजी मिनियापोलिस येथे पॅट्रियट्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये ईगल्सचे प्रशिक्षक डग पीडरसन यांनी पहिला अर्धा संपायला एक मिनिटही उरले नसताना, गोलरेषेपासून १ यार्डावर, फील्ड गोल नाकारला. क्वार्टरबॅक निक फोल्स स्वतःच पास झेलून टचडाऊन करतो, अशी चाल त्यांनी खेळवली. त्या चालीचे कौतुक जगभर झाले आणि फिलाडेल्फियातील स्टेडियमबाहेर तिचा पुतळाही उभा राहिला. परंतु मला त्याच सामन्यातील दुसरा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. चौथ्या क्वार्टरमध्ये ईगल्स ३३-३२ असे मागे होते, साडेपाच मिनिटांच्या आसपास वेळ होता आणि चेंडू स्वतःच्या ४५ यार्डांवर होता. पंट मारला असता तर ब्रेडीकडे चेंडू आणि आघाडी दोन्ही गेली असती. पीडरसन यांनी चाल खेळवली, झॅक अर्ट्झला २ यार्ड मिळाले आणि त्याच आक्रमणातून ईगल्सनी आघाडी घेऊन सामना ४१-३३ असा जिंकला. बेलिचिक आणि पीडरसन यांचे तर्क एकाच घडणीचे होते. एकाची चाल एका यार्डाहून कमी अंतराने फसली, दुसऱ्याची थोड्या अंतराने साधली. आपल्या घरातील वादात हे दोन सामने कामी येतील.

प्रश्न (मडगाव, गोवा): समालोचक फील्ड गोलचे अंतर सांगताना चेंडू जिथे असतो त्यापेक्षा बरेच मोठे सांगतात. हे कसे? आणि फील्ड गोल हुकला तर काय होते?

उत्तर: गोलखांब गोलरेषेवर नसून एंड झोनच्या मागच्या कडेला, म्हणजे आणखी १० यार्ड पलीकडे असतात, आणि चेंडू फळीच्या ७ ते ८ यार्ड मागे जमिनीवर धरून मारतात. म्हणून चेंडूच्या जागेत १७ किंवा १८ मिळवावे लागतात. फील्ड गोल हुकला तर व्यावसायिक नियमांप्रमाणे प्रतिस्पर्ध्याला चेंडू फळीच्या जागेवरून न मिळता, लाथ मारली त्या जागेवरून मिळतो. ती जागा २० यार्डांच्या आत असेल तर २० यार्डांवरून. म्हणजे हुकलेला फील्ड गोल हा फसलेल्या चालीपेक्षा ७-८ यार्डांनी महाग पडतो. निर्णयाची तुलना करताना हे अंतर विसरले जाते.

प्रश्न (ठाणे): मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे. प्रक्षेपणात हल्ली पडद्यावर ‘चाल खेळा’ असा सल्ला टक्क्यांसह दिसतो. चौथ्या डाऊनला चाल खेळणारे संघ मुळातच बलवान किंवा अगतिक असतील, तर त्यांच्या यशापयशावरून काढलेले प्रमाण सर्वांना कसे लागू करता येईल?

उत्तर: आपली शंका नेमकी आहे आणि रोमर यांनाही तिचा सामना करावा लागला होता. त्यांच्या काळात चौथ्या डाऊनचे प्रयत्न इतके कमी होत की त्यांवरून प्रमाण काढणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी तिसऱ्या डाऊनच्या चाली आधारासाठी घेतल्या, कारण तिथेही उरलेले अंतर पार करणे हाच मुख्य हेतू असतो आणि सर्वच संघ तिथे खेळतात. सामन्याची गुणसंख्या आणि घड्याळ यांचा प्रभाव कमी व्हावा म्हणून त्यांनी पहिला क्वार्टरच निवडला. यावर आक्षेप घेण्याजोगे आहे ते असे: तिसऱ्या डाऊनला बचावफळी लांब पासचा धोका मनात ठेवून काहीशी विखुरलेली असते, तर चौथ्याला ती सर्व बळ त्या एका यार्डावर लावू शकते, उलट तिसऱ्याला आक्रमक संघ कधी मुद्दामच थोडे अंतर घेऊन समाधान मानतो. हे दोन परिणाम विरुद्ध दिशांना ओढतात आणि एकमेकांना पुरते रद्द करतात असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

आता प्रयत्नांची संख्या बरीच वाढल्याने थेट चौथ्या डाऊनवरून अंदाज बांधता येतो, पण निवडीचा दोष आपण म्हणता तसा शिल्लक राहतोच. आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पडद्यावरील टक्के हे सरासरी संघाचे किंवा फार तर हंगामभराच्या सरासरीने सुधारलेल्या संघाचे असतात. उजव्या बाजूचा मुख्य खेळाडू तासापूर्वी जखमी झाला आहे, मैदान ओले आहे, समोरचा एक बचावपटू आज हलतच नाही, ही माहिती प्रशिक्षकाकडे असते, प्रारूपाकडे नसते. फिलाडेल्फियाच्या क्वार्टरबॅकला मागून ढकलून एक यार्ड मिळवण्याच्या चालीचे उदाहरण घ्या. ती त्या संघाला इतकी साधते की २०२५ साली तिच्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला. आवश्यक २४ मतांऐवजी २२ मते पडल्याने तो बारगळला. त्या संघासाठी १ यार्डाचे प्रमाण सरासरीवरून काढणे निरर्थक ठरेल.

म्हणून मी असे वाचन करतो. दोन पर्यायांत विजयाच्या शक्यतेचा फरक एक-दोन टक्क्यांचा असेल, तर तो अंदाजाच्या चुकीतच सामावतो आणि तिथे प्रशिक्षकाचे डोळे श्रेष्ठ मानावेत. फरक पाच-सहा टक्क्यांचा असेल, तर प्रशिक्षकाने त्याविरुद्ध जाण्यासाठी ठोस कारण दाखवायला हवे. ‘आज मला तसे वाटले’ हे कारण पुरेसे नाही.

प्रश्न (फ्रिस्को, टेक्सास): माझा मुलगा शाळेच्या संघात खेळतो. त्यांचे प्रशिक्षक चौथ्या डाऊनला जवळजवळ नेहमी पंट मारतात. आर्कान्सामधील एका शाळेने पंट मारणेच सोडून दिले होते, असे मुलाने मला सांगितले. हे खरे आहे का, आणि शालेय संघांनी तसे करावे का?

उत्तर: खरे आहे. लिटल रॉक येथील पुलास्की अकॅडमी या शाळेचे प्रशिक्षक केविन केली यांनी पंट जवळजवळ पूर्ण सोडला होता आणि त्यांच्या कारकिर्दीत शाळेने राज्याची नऊ विजेतेपदे मिळवली. पुढे २०२१ साली ते साउथ कॅरोलिनातील प्रेस्बिटेरियन कॉलेजमध्ये गेले. तिथे संघाने ११ पैकी २ सामने जिंकले आणि एका हंगामानंतर ते पदावरून दूर झाले. केवळ पंट न मारण्याने विजय मिळत नाहीत, हे यातून दिसतेच; परंतु त्यावरून पद्धत खोटी ठरत नाही, कारण दोन ठिकाणच्या खेळाडूंच्या बळात आणि प्रतिस्पर्ध्यांत मोठी तफावत होती.

केली यांच्याकडून घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. चौथा डाऊन खेळायचा हे आधीच ठरलेले असेल तर तिसरा डाऊन बदलतो. ७ यार्ड हवे असताना इतर संघांना पास फेकावाच लागतो आणि बचावफळीला ते ठाऊक असते. चार डाऊन वापरणारा संघ मात्र तिथे धावून ४ यार्ड घेऊ शकतो आणि उरलेले ३ पुढच्या चालीवर सोडू शकतो. म्हणजे निर्णयाची खरी वेळ दुसरा डाऊन संपताना येते. जो प्रशिक्षक तिसरी चाल संपल्यावर विचार करू लागतो, त्याने निम्मा लाभ आधीच घालवलेला असतो.

शालेय स्तरावर पंटची लांबी कमी असते, चेंडू मागे देताना चुका अधिक होतात आणि लांबचे फील्ड गोल क्वचितच साधतात. हे तिन्ही घटक चाल खेळण्याच्या बाजूने आहेत. मात्र प्रतिस्पर्ध्याचे आक्रमण दुबळे असेल आणि सामना कमी गुणांचा होणार असेल, तर त्याला ७० यार्ड मागे ठेवणे पुरेसे असते आणि तिथे पंट अगदी योग्य आहे. कदाचित आपल्या मुलाच्या संघाचे प्रशिक्षक आपल्या बचावफळीवर असा विश्वास ठेवून असतील. मुलाला कुतूहल असेल तर त्याने सराव संपल्यावर त्यांना मोकळेपणाने विचारावे. सामना चालू असताना नको.

प्रश्न (नाशिक): आठ गुणांनी मागे असताना, अगदी शेवटी, फील्ड गोल मारण्यात काय अर्थ आहे? २४ जानेवारी २०२१ च्या सामन्यात ग्रीन बे पॅकर्सनी तसे केले होते.

उत्तर: शेवटच्या मिनिटांत अपेक्षित गुणांचा हिशेब बाजूला ठेवून थेट विजयाची शक्यता पाहावी लागते, कारण तीन गुणांनी हरणे आणि आठ गुणांनी हरणे यांत तेव्हा फरक उरत नाही. पॅकर्स ३१-२३ असे मागे होते. दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ होता, चेंडू टॅम्पा बेच्या गोलरेषेपासून ८ यार्डांवर होता, आणि प्रशिक्षक मॅट लफ्लर यांनी फील्ड गोल मारून अंतर पाचवर आणले.

त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. टचडाऊन झाला असता तरी बरोबरीसाठी दोन गुणांची आणखी एक चाल साधावी लागली असती, आणि मग एव्हाना टॅम्पा बेकडून खेळणाऱ्या ब्रेडीकडे दोन मिनिटे उरली असती. फील्ड गोलनंतर मात्र एकच टचडाऊन थेट विजय देणारा ठरला असता. पॅकर्सकडे तिन्ही टाइमआउट होते आणि दोन मिनिटांचा थांबाही यायचा होता, म्हणून चेंडू परत मिळवण्याची आशा वाजवी होती. ८ यार्ड हे अंतरही लहान नव्हे. गणिती प्रारूपांनीही दोन पर्यायांत फार मोठे अंतर दाखवले नव्हते.

तरीही मी चाल खेळण्याच्या बाजूने आहे. कोणत्याही मार्गाने गेले तरी पॅकर्सना एक टचडाऊन लागणारच होता, आणि त्यासाठी ८ यार्डांहून जवळची जागा त्यांना पुन्हा मिळण्याची शक्यता नगण्य होती. चाल फसली असती तर टॅम्पाला स्वतःच्या ८ यार्डांवरून सुरुवात करावी लागली असती. तिथे त्यांना रोखले असते तर पंटनंतर पॅकर्सना चेंडू मध्यरेषेच्या आसपास मिळाला असता. फील्ड गोलनंतर किकऑफ झाल्यामुळे टॅम्पाला अधिक मोकळी जागा मिळाली. थोडक्यात, फसलेल्या चालीचा तोटाही जागेच्या रूपाने अंशतः भरून निघणार होता, आणि पॅकर्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स त्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरणार होता. प्रत्यक्षात तिसऱ्या डाऊनला पॅकर्सच्या बचावपटूवर पासमध्ये अडथळा आणल्याचा दंड लागला, टॅम्पाला नवे चार डाऊन मिळाले आणि त्यांनी घड्याळ संपेपर्यंत चेंडू आपल्याकडेच ठेवला.